तत्त्वज्ञानाच्या संशोधनपत्रिकेत विशेषांक: प्रस्तावापासून प्रुफापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विशेषांक म्हणताना पत्रिकेला नेमकं काय अपेक्षित असतं?

एका तात्त्विक प्रश्नाभोवतीचे साधारण सहा ते दहा शोधनिबंध, प्रत्येकी आठ ते दहा हजार शब्दांचे, आणि त्यांना जोडणारी प्रस्तावना. पत्रिका त्यांची, अंक जुळवून आणणारे एक ते तीन अतिथी संपादक बाहेरचे. दिवाळी अंकाचा एखादा विभाग सांभाळलेल्या माणसाला हे काम ओळखीचं वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. दिवाळी अंकाचा संपादक लेख मागवतो तेव्हा तो छापण्याचा शब्दच देत असतो. इथे मागवलेला लेखही समीक्षेत, म्हणजे बाहेरच्या जाणकारांच्या तपासणीत, पडू शकतो, आणि पडला तर तो छापता येत नाही, लेखक कितीही मोठा असला तरी.

'सिंथेस'सारख्या पत्रिकांमध्ये आता बांधीव अंकाऐवजी विषयवार संग्रह असतात. लेख मंजूर झाला की लगेच ऑनलाइन येतो, बाकीच्यांसाठी थांबत नाही. लेखकांना हे सोयीचं असतं. संपादकाचा मात्र एक जुना धाक जातो: 'तुमच्यामुळे सगळ्यांचा अंक अडलाय' असं उशीर करणाऱ्याला म्हणता येत नाही.

कोणत्या पत्रिकेकडे जायचं?

आधी पत्रिकेचे मागच्या तीन-चार वर्षांचे अंक चाळा. 'द मॉनिस्ट' (सुरुवात १८९०) प्रत्येक अंक एकाच विषयाला देतं. 'टोपॉय'चाही भर अतिथी संपादकांच्या विषयवार अंकांवर आहे. 'फिलॉसॉफिकल टॉपिक्स' निमंत्रित लेखांवर चालतं, त्यामुळे तिथे खुलं आवाहन करण्याची कल्पना घेऊन जाण्यात अर्थ नाही. काही नामांकित पत्रिका विशेषांक घेतच नाहीत. त्यांच्याकडे प्रस्ताव पाठवून दोन महिने उत्तराची वाट पाहणारे दरवर्षी भेटतात. संकेतस्थळावर विशेषांकाचा उल्लेख नसेल तर मुख्य संपादकांना चार ओळींचं पत्र लिहून विचारा. पूर्ण प्रस्ताव नंतर.

तुमच्याच विषयावरचा अंक तिथे गेल्या पाच वर्षांत निघाला असेल, तर दुसरी पत्रिका शोधा किंवा नवा अंक वेगळं काय करणार हे प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात सांगा.

एकट्याने प्रस्ताव द्यावा की सोबत कोणी घ्यावं?

दोघं उत्तम, तीन चालतात, चौघं झाले की कोणीच काम करत नाही. एकजण प्रस्थापित आणि एकजण नुकताच पीएच.डी. झालेला, अशी जोडी पत्रिकांना आवडते. तिचा धोकाही ठरलेला: मोठ्याचं नाव आणि धाकट्याचे कष्ट. समीक्षक कोण शोधणार, स्मरणपत्रं कोण पाठवणार, प्रस्तावनेचा पहिला खर्डा कोणाचा, हे आपापसात आधी लिहून घ्या. सरांना नंतर सांगणं जमत नाही.

विषय किती रुंद असावा?

बहुतेक प्रस्ताव इथेच मरतात. 'भारतीय आणि पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा: एक संवाद' या शीर्षकाखाली काहीही बसतं, म्हणून त्यातून अंक उभा राहत नाही. आठ लेख आठ दिशांना जातात आणि प्रस्तावना लिहिताना हाती फक्त अनुक्रमणिका उरते.

त्याच मुलखातला एक नेमका प्रश्न घ्या: दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञान शेवटी अनुमानच असतं का? वैशेषिक आणि बौद्ध शब्दाला, म्हणजे अशा सांगण्याला, वेगळं प्रमाण (ज्ञानाचं साधन) मानत नाहीत, अनुमानात घालतात. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, ते मान्य करत नाहीत. न्यायसूत्र १.१.७ मध्ये 'आप्तोपदेशः शब्दः' (विश्वासू जाणत्याचं सांगणं म्हणजे शब्द) अशी व्याख्या येते आणि पुढच्या काळातल्या गंगेश या नैयायिकाने आपल्या तत्त्वचिंतामणीचा चौथा खंड शब्दालाच दिला. इकडे गेल्या काही दशकांतल्या इंग्रजी ज्ञानमीमांसेतही हाच वाद आहे: दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला वेगळा पुरावा लागतो, की ऐकणाऱ्याला तो हक्क आपसूक असतो? इथे दोन्ही परंपरांकडे बाजू आहेत, एकमेकांना देण्यासारखे युक्तिवाद आहेत आणि 'आप्त कोणाला म्हणायचं' हा पुढचा प्रश्नही तयार आहे.

कसोटी सोपी आहे. तुमच्या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरं देणारे, हयात असलेले आणि लिहिते असे निदान चार-चार लोक सांगता येतात का? एकाच बाजूचे आठ सापडत असतील, तर तो अंक म्हणजे गौरवग्रंथ होईल.

प्रस्तावात काय काय द्यायचं?

दोन ते चार पानं. प्रश्न आणि तो आत्ताच का, हे साधारण पाचशे ते आठशे शब्दांत. मग हा अंक याच पत्रिकेत का. संभाव्य लेखकांची यादी, आणि त्यात कोणी होकार दिला आहे, कोणाला फक्त विचारलं आहे, कोणाला अजून विचारलेलंच नाही हे वेगवेगळं दाखवून. होकार मिळालेल्यांच्या लेखांचे दीडशे-दोनशे शब्दांचे गोषवारे. आवाहन खुलं की निमंत्रितांपुरतं. वेळापत्रक. संपादकांची थोडक्यात माहिती, आणि पूर्वी असं काम केलं असेल तर त्याचा उल्लेख.

वाढवून सांगू नका. न विचारलेल्या प्राध्यापकांची नावं 'सहभागी' म्हणून टाकणं धोक्याचं आहे, कारण तत्त्वज्ञानाचं जग लहान आहे. मुख्य संपादक त्यांच्यापैकी कोणालातरी ओळखतोच आणि सहज विचारतोही.

लेखक आधीच ठरवायचे की खुलं आवाहन करायचं?

दोन्हींचं मिश्रण बरं: तीन-चार निमंत्रित, बाकी आवाहनातून. निमंत्रितांमुळे आवाहनाला वजन येतं, आवाहनामुळे तुम्हाला माहीत नसलेले लोक सापडतात. आवाहनात विषयांची पंधरा कलमी यादी देऊ नका, तीन-चार प्रश्न द्या. आधी गोषवारे मागवले तर चाळणी सोपी होते. मात्र गोषवारा स्वीकारला म्हणजे लेख स्वीकारला, असं लेखक हमखास धरून चालतात. निवडीच्या पत्रात हे वाक्य स्वतंत्र ओळीवर टाका: 'गोषवाऱ्याची निवड हे फक्त लेख पाठवण्याचं निमंत्रण आहे. लेख छापायचा की नाही हे समीक्षेनंतर ठरेल.' निमंत्रित ज्येष्ठांनाही हेच पत्र जावं. तिथे संकोच केला तर नकार कळवताना तो चौपट होऊन परत येतो.

आणखी एक. कबूल केलेल्या लेखांपैकी काही येतच नाहीत. अंकात आठ हवे असतील तर बारा-तेरा कबूल करून घ्या.

लेखकांच्या यादीवर आक्षेप कशामुळे येतात?

२०१७ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल फिलॉसफी'ने 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या विषयावर लेखांचा एक संच छापला. त्यात कृष्णवर्णीय लेखक एकही नव्हता. जाहीर टीका झाली आणि संपादकांनी माफी मागितली. प्रत्येक लेख आपापल्या जागी ठीक असेलही, चूक संचात होती आणि संच जुळवणं हेच तर विशेषांकाच्या संपादकाचं काम. जात, आंबेडकरांचं तत्त्वज्ञान किंवा आरक्षणाचा न्याय यांवर अंक काढणाऱ्यांनी स्वतःची यादी याच नजरेने पाहावी. हे प्रस्तावाच्या टप्प्यावर सुधारता येतं. सगळे लेख मंजूर झाल्यावर घाईने एकाला शोधून आणणं त्या लेखकाचाही अपमान आहे.

अंतिम निर्णय कोणाचा: अतिथी संपादकाचा की मुख्य संपादकाचा?

बहुतेक ठिकाणी तुम्ही शिफारस करता, निर्णय मुख्य संपादकाचा. काही ठिकाणी तुम्हाला लेख हाताळण्याच्या ऑनलाइन प्रणालीत निर्णयाचं बटण मिळतं, पण नंतर तो पुन्हा तपासला जातो. जबाबदारी तुमची आणि अधिकार अर्धा, हे या कामाचं खरं रूप आहे. अर्ध्याची हद्द कुठे, हे सुरुवातीलाच लेखी घ्या.

हद्द ठरली नाही तर काय होतं, याचं ठळक उदाहरण 'सिंथेस'चंच आहे. २०११ च्या जानेवारीत तिथे उत्क्रांतीचा सिद्धांत आणि त्याचे प्रतिस्पर्धी या विषयावरचा विशेषांक छापून आला. लेख आधीच ऑनलाइन आले होते. छापील अंकात मुख्य संपादकांनी आपलं निवेदन जोडलं: काही लेखांचा सूर पत्रिकेच्या नेहमीच्या शिस्तीत बसत नाही, अशा आशयाचं. असं काही छापलं जाणार नाही असं आपल्याला सांगितलं होतं, असं अतिथी संपादकांचं म्हणणं. पुढे सह्यांचं निवेदन आणि बहिष्काराची भाषा, सगळं झालं. लेखांच्या सुरावर आक्षेप असेल तर तो समीक्षेच्या वेळी लेखकाला कळवून दुरुस्त करून घेता येतो. छापील अंकात, लेखकाच्या आणि अतिथी संपादकाच्या पाठीमागे, तो कोणाच्याच कामाचा नसतो. आमच्या मते दोष मुख्य संपादकांकडे जास्त जातो, पण पुढच्याने शिकण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: आश्वासन तोंडी किंवा सैल इमेलमध्ये असेल तर ते सिद्ध करत बसावं लागतं.

म्हणून हे पाच मुद्दे एकाच पत्रात विचारून उत्तर जपून ठेवा. समीक्षक कोण नेमणार? दोन समीक्षा अनुकूल असूनही मुख्य संपादक लेख नाकारू शकतात का? प्रस्तावनेत ते बदल करू शकतात का? अंकात आणखी काही मजकूर जाणार असेल तर तुम्हाला आधी दाखवला जाईल का? आणि पुरेसे लेख मंजूर झाले नाहीत तर आलेल्या लेखांचं काय होईल? शेवटच्या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर 'साध्या अंकात घेऊ' असं असतं. लेखकांसाठी ते महत्त्वाचं आहे.

एकूण किती वेळ लागतो?

प्रस्तावाच्या होकारापासून पंधरा ते एकवीस महिने धरा. आवाहनाला आणि लेखनाला सहा ते नऊ महिने, पहिल्या समीक्षेला तीन-चार, दुरुस्तीला दोन-तीन, दुसऱ्या फेरीला दोन, प्रस्तावना आणि निर्मितीला आणखी दोन-तीन. लेखकांना सांगायची मुदत आणि तुमची खरी मुदत यांत सहा आठवड्यांचं अंतर ठेवा आणि ते कोणालाही सांगू नका.

समीक्षक मिळत नाहीत. काय करायचं?

आधी हिशोब मांडा. दहा लेख, प्रत्येकी दोन समीक्षा, म्हणजे वीस. विचारलेल्यांपैकी तिघांत एकजण हो म्हणाला तर साठ पत्रं. ही साठ नावं लेख हाती येण्याआधी तयार हवीत.

नावं मिळण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे लेखाचीच संदर्भसूची, पण तिच्यातली पहिली तीन ठळक नावं सोडा. त्यांना सगळेच विचारतात. नुकतेच पीएच.डी. झालेले संशोधक वेळेवर आणि तपशिलात लिहितात. निमंत्रणाला सात दिवसांत उत्तर नाही तर पुढचं नाव. अहवालासाठी चार ते सहा आठवडे द्या, मुदतीच्या आठवडाभर आधी एक स्मरणपत्र पाठवा, आणि मुदत उलटून तीन आठवडे झाले तर शांतपणे दुसरा समीक्षक नेमा. 'पुढच्या सोमवारी नक्की' या आश्वासनावर दोन महिने सहज जातात.

लेखकाचे मार्गदर्शक, विद्यार्थी, सहलेखक, त्याच विभागातले सहकारी चालत नाहीत. याच अंकातल्या लेखकांनी एकमेकांचे लेख तपासण्याची सूट काही पत्रिका देतात. जमेल तिथे टाळा, कारण अंकात कोण आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि अनामिकता नावालाच उरते.

शास्त्रीय भारतीय तत्त्वज्ञानात अडचण वेगळी असते. नव्यन्यायाचं, म्हणजे गंगेशापासूनच्या न्यायपरंपरेचं, संस्कृत मूळातून वाचणारे आणि समकालीन ज्ञानमीमांसेत मुरलेले, असे दोन्ही पायांवर उभे असलेले लोक जगभरात मोजके. तेव्हा काम वाटून द्या: एक समीक्षक ग्रंथासाठी, एक युक्तिवादासाठी, आणि निमंत्रणातच प्रत्येकाला त्याचा वाटा सांगा. सांगितलं नाही तर दोघंही आपल्याला न कळणाऱ्या भागावर रागावतात.

एका समीक्षकाने डोक्यावर घेतलं, दुसऱ्याने झोडपलं. आता?

मतं मोजू नका, कारणं वाचा. वरच्या उदाहरणात युक्तिवादाचा समीक्षक लिहील, 'ग्रंथांतली अवतरणं फार झाली.' ग्रंथाचा समीक्षक लिहील, 'दुसऱ्या भागातल्या उताऱ्याचा अर्थच चुकलाय आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे.' पहिली तक्रार मांडणीची, दुसरी खरी असेल तर लेख कोसळतो. दुसरी स्वतः पडताळा, नसेल जमत तर तेवढ्याच उताऱ्यासाठी तिसऱ्या जाणकाराला विचारा. आणि लेखकाला दोन्ही अहवाल नुसते पुढे ढकलू नका. कोणत्या दुरुस्त्या अटळ आणि कोणत्या ऐच्छिक, हे तुमच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहून द्या. संपादक म्हणून सगळ्यात मोलाचं जे कराल, ते हे अर्धं पान.

अतिथी संपादकाने स्वतःचा लेख द्यावा का?

शक्यतो प्रस्तावनेवर समाधान मानावं. द्यायचाच असेल तर त्याची सगळी प्रक्रिया मुख्य संपादकाने, तुम्हाला दिसणार नाही अशी हाताळायची. मुक्त प्रवेशाच्या (कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या) पत्रिकांची सूची ठेवणाऱ्या डीओएजेची अट आहे की अतिथी संपादकांचे लेख अंकाच्या पंचवीस टक्क्यांहून जास्त नसावेत. आठ लेखांत दोन म्हणजे काठावर, आणि तिघं संपादक असतील तर प्रत्येकाचा एकेक लेख बसतच नाही.

चर्चासत्रात वाचलेले निबंध घेऊन अंक करता येतो का?

येतो, पण बऱ्याच पत्रिका आवाहन खुलं ठेवायला लावतात. चर्चासत्रात हजर असलेल्यांना समीक्षक नेमता येत नाही, कारण निबंध कोणाचा हे त्यांना ठाऊक असतं. आणि वीस मिनिटांच्या वाचनाचा आठ हजार शब्दांचा निबंध आपोआप होत नाही.

ऑनलाइन प्रणालीत काय बिघडतं?

सर्वाधिक वेळा एकच गोष्ट: लेख पाठवताना लेखक विशेषांकाचं नाव निवडत नाही, लेख साध्या रांगेत जातो आणि तीन महिन्यांनी कळतं. आवाहनातच कोणत्या पायरीवर कोणता पर्याय निवडायचा ते लिहा, आणि मुदतीच्या दुसऱ्या दिवशी कबूल केलेल्यांची यादी प्रणालीशी ताडून पाहा. दुसरं म्हणजे अनामिकता. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं, आभारात मार्गदर्शकाचं, आणि 'मी अन्यत्र दाखवल्याप्रमाणे' या वाक्यात सगळंच. समीक्षकाकडे पाठवण्याआधी प्रत्येक फाइल स्वतः उघडून पाहा.

प्रुफात कशावर लक्ष ठेवायचं?

प्रूफ दोन-तीन दिवसांत परत मागतात, म्हणून लेखक प्रवासात नाहीत ना ते आधी विचारा. संस्कृत असेल तर टिंबा-रेषांची रोमन अक्षरं पहिल्यांदा तपासा. दीर्घ स्वरावरची रेघ गळाली की 'शाब्द' आणि 'शब्द' एकच दिसतात, आणि शब्दप्रमाणावरच्या लेखात तो नुसता मुद्रणदोष राहत नाही. लेखकांना युनिकोड फॉन्टच वापरायला सांगा आणि जोडीला पीडीएफ मागवा, म्हणजे जुळणी करणाऱ्यासमोर खरं रूप राहतं. एकच संज्ञा आठ लेखांत आठ तऱ्हांनी लिहिलेली असेल, तर ते प्रुफाच्या आधी, मंजुरीच्या वेळी सोडवा.

प्रस्तावना कशी लिहावी?

तीन ते पाच हजार शब्द. प्रत्येक लेखाचा एकेक परिच्छेद रांगेने लावला तर ती कोणी वाचत नाही, कारण गोषवारे आधीच उपलब्ध असतात. प्रश्न मांडा, वाद कुठे अडला आहे ते सांगा आणि लेख त्या अडलेल्या जागी आणून सोडा. एका लेखाचं म्हणणं दुसऱ्याला कुठे छेद देतं, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. खर्डा लेखकांना दाखवा. त्यांच्या म्हणण्याचा विपर्यास झाला असेल तर तो छापण्याआधी कळलेला बरा.

'अतिथी संपादक व्हा' असा इमेल आपणहून आला आहे. घ्यावं का?

तत्त्वज्ञानातली मान्यवर पत्रिका अनोळखी माणसाला असं पत्र क्वचितच पाठवते. विषय तुमचा नाही, मुदत तीन महिन्यांची, लेखकांकडून शुल्क आणि तुम्हाला सवलत, असं दिसलं तर उत्तरही देऊ नका. हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या विशेषांकांमध्ये बनावट लेख पुरवणाऱ्या टोळ्या शिरल्या आणि २०२३ या एका वर्षात आठ हजारांहून जास्त लेख मागे घ्यावे लागले. त्यानंतर चांगले प्रकाशकही अतिथी संपादकांची ओळख आणि समीक्षकांचे इमेल पत्ते काटेकोर तपासतात. संस्थेचा इमेल पत्ता आणि ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) मागितला तर राग मानू नका.

मानधन? पदोन्नतीत उपयोग?

मानधन सहसा नसतं. उपयोग तुमच्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहे, आणि यूजीसीने केअर यादी (मान्य पत्रिकांची यादी) २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्यापासून पत्रिकांची पारख संस्थांवर आली आहे. काम सुरू करण्याआधी आपल्या आयक्यूएसीला (संस्थेच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाला) लेखी विचारा.

मराठीत असा अंक काढायचा असेल तर?

'परामर्श' आणि 'नवभारत' या नियतकालिकांची नावं तत्त्वज्ञान वाचणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नकोत. मराठीत बहुधा संपादकांशी बोलून विषय ठरतो आणि लेख निमंत्रणाने येतात. तरीही वरचं पुष्कळ इथे लागू आहे: नेमका प्रश्न, दोन्ही बाजूंचे लेखक, आणि निदान एका बाहेरच्या जाणकाराकडून तपासणी. पारिभाषिक संज्ञांची एक पानी यादी सुरुवातीलाच सगळ्या लेखकांना पाठवा.

प्रस्ताव नाकारला गेला तर?

कारण दिलं असेल तर ते दुरुस्त करून दुसरीकडे पाठवा. होकार दिलेल्या लेखकांना त्याच आठवड्यात कळवा आणि ते नव्या पत्रिकेसाठीही तयार आहेत का ते विचारा. एकाच वेळी दोन पत्रिकांकडे प्रस्ताव पाठवू नका.